तंबू : हौसेचा आणि नाइलाजाचा

सहकुटुंब तंबूत राहण्याच्या अमेरिकन हौसेच्या इतिहासात १९१९ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी फ्लोरिडातील टॅम्पा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही मोटारप्रवाशांची संघटना स्थापन झाली. मोटारीच्या रेडिएटरवर बसवलेला पत्र्याचा डबा ही या हौशी प्रवाशांची खूण. पुढे वीस वर्षांनी, १९३९ मध्ये, जॉन स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातील जोड कुटुंबही सारा संसार मोटारीवर लादून निघते, वाटेत तंबूत राहते. पण ते ओक्लाहोमातील जमिनीवरून हुसकावले गेल्यामुळे. मोटार आणि तंबू दोन्हीकडे आहेत. परतण्यासाठी घर मात्र एकाच बाजूला आहे. भटकंतीचा आनंद घर असणाऱ्यालाच परवडतो, हे विसरून लिहिलेला प्रवासाचा इतिहास अपुराच ठरेल.