गोदातीरचा लुप्त गज व त्याच्या लोपाचीं कारणें

तलासरी तालुक्यांतील झरी हा गांव ज्या किनारपट्टीच्या आंत वसला आहे, तो किनारा सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं आजच्या ठिकाणीं नव्हता. त्या हिमयुगांत पुष्कळ पाणी बर्फाच्या रूपानें जमिनीवर सांचून राहिल्यामुळें समुद्राची पातळी सुमारें १२० मीटर खालीं होती, आणि डहाणूसमोरील उथळ समुद्राचा बराच भाग कोरडा होता. तेथें कोणतीं जनावरें चरत, याची साक्ष आज पाण्याखालीं आहे. म्हणून साक्षीसाठीं सह्याद्रि ओलांडून गोदावरीच्या खोऱ्यांत जाणें भाग आहे.

नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मध्यमेश्वर येथें गोदावरीच्या गाळांत मिळालेल्या प्रचंड हत्तीच्या अवशेषांचें वर्णन पिल्ग्रिम यांनीं १९०५ सालीं प्रसिद्ध केलें. नर्मदेवरून ‘नामाडिकस’ हें नांव पावलेली ही जात आजच्या हत्तीहून मोठी होती. ती नष्ट कां झाली?

उत्तरेकडील मॅमथ नांवाच्या लोंकरी हत्तीविषयीं हाच वाद चालत आला आहे. एक पक्ष हवा पालटल्याचें कारण देतो, दुसरा मनुष्याच्या शिकारीचें. हिमयुग सरतांना त्याचीं कुरणें आकसलीं, हें खरें. परंतु सुमारें १,२५,००० वर्षांपूर्वींच्या उष्ण काळांतूनहि तो तरला होता, आणि रँगल बेटावर तर सुमारें ४,००० वर्षांपूर्वींपर्यंत टिकला. तेव्हां केवळ उष्णतेनें निर्वाह होत नाहीं. हत्तीण सुमारें बावीस महिने गर्भ वाहते. अशा मंद वंशवृद्धीच्या जनावराचे कळप आधींच आकसले असतां थोडी शिकारहि घातक ठरते. दोन्हीं कारणें एकत्र आलीं, असें आम्हांस वाटतें.

आपल्या देशाचा पुरावा याला पोषक आहे. अद्वैत जुकर व त्यांचे सहकारी यांनीं २०२० सालीं दाखविल्याप्रमाणें सुमारें ३०,००० वर्षांपूर्वींपासून येथें मोठ्या जनावरांच्या चारच जाती नष्ट झाल्या. त्यांत हा हत्ती व पाणघोडा येतात. आजचा हत्ती, गेंडा व गवा मात्र टिकले. मनुष्य येथें फार प्राचीन काळापासून असल्यामुळें जनावरें त्याला ओळखून वागूं लागलीं असावींत. खानदेशांतील पाटणे येथें १९७२-७३ सालीं साली यांनीं केलेल्या उत्खननांत शहामृगाच्या अंड्याचें कोरीव कवच मिळालें; तें सुमारें २५,००० वर्षांपूर्वींचें आहे. त्यावरून मनुष्याचा त्या पक्ष्याशीं संबंध सिद्ध होतो. त्यानेंच त्याचा निर्वंश केला, असें मात्र सिद्ध होत नाहीं.

हा निर्णय पुढें नेणारें साधन नदीच्या दरडींत आहे, आणि तेंच दरवर्षीं नाहींसें होत आहे. मितीवांचून सुटें पत्र जसें इतिहासाला निरुपयोगी, तसेंच थर न नोंदतां उचललेलें हाड. आमची संग्राहकांस विनंति आहे कीं, असें हाड दिसल्यास गांव, तीर, थर व खोली प्रथम टिपावी, आणि मगच त्यास हात लावावा.