भूतकाळावर चालणारा धंदा: वादळे, वणवे आणि घराचा विमा

#थ्रेड

१/ २४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे ‘अँड्र्यू’ चक्रीवादळ अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकावर आदळले. होमस्टेड हे गाव जवळजवळ भुईसपाट झाले. साठ हजारांहून अधिक घरे नष्ट झाली. छायाचित्रांत न दिसणारी आणखी एक गोष्ट त्या दिवशी कोसळली: घराचा विमा मागितला की मिळतो, हा विश्वास.

२/ विमा हा मुळात इतिहासाचाच धंदा आहे. १६६६ च्या आगीत लंडनमधील सुमारे १३,२०० घरे जळाली. पुढे १६८० च्या सुमारास निकोलस बार्बन याने घरांचा आगविमा सुरू केला: विटांच्या घराला जो हप्ता, त्याच्या दुप्पट लाकडी घराला. मागे किती घरे जळाली यावरून पुढे किती जळतील हे ताडायचे आणि ती जोखीम सर्वांत वाटायची. मात्र सगळी घरे एकदम जळू नयेत आणि उद्याचा काळ कालच्यासारखाच असावा, या दोन अटी त्यात गृहीत होत्या.

३/ फ्लोरिडात दुसरी अट आधीच डळमळली होती. १९६५ च्या ‘बेट्सी’नंतर मायामी परिसराने मोठा तडाखा पाहिला नव्हता. त्या शांत वर्षांची सरासरी काढून हप्ते ठरत गेले आणि त्याच वर्षांत किनारा घरांनी भरून गेला. वादळ आदळल्यावर काही तासांतच कॅरन क्लार्क यांनी संगणकीय प्रतिमानावरून कळवले, की नुकसान १३ अब्ज डॉलरच्या वर जाऊ शकते. विमावाल्यांना ते अतिशयोक्त वाटले. प्रत्यक्षात दाव्यांचा आकडा सुमारे १५ अब्जांवर गेला.

४/ (‘अँड्र्यू’ हे हवामानबदलाचे अपत्य, असे म्हणता येणार नाही. पण भूतकाळाची सरासरी किती फसवू शकते, हे त्याने दाखवले.)

५/ अनेक लहान कंपन्या बुडाल्या, मोठ्या कंपन्या काढता पाय घेऊ लागल्या. १९९३ मध्ये पॉलिसी रद्द करण्यावर विधिमंडळाला निर्बंध घालावे लागले. अखेर २००२ मध्ये ‘सिटिझन्स’ ही शासननिर्मित विमा संस्था उभी राहिली. कुणी विमा देत नसेल त्याचा हा अखेरचा आसरा. पण २०२३ मध्ये तिच्याकडे सुमारे १४ लाख पॉलिसी होत्या! यात दोष केवळ वादळांचा नाही. न्यायालयीन दाव्यांचा सुळसुळाट आणि महागलेले बांधकाम हेही त्याला कारण होते.

६/ आता कॅलिफोर्निया. तिथे तर इतिहासाची सक्ती होती. वणव्यांसाठी हप्ता ठरवताना किमान २० वर्षांच्या नुकसानीची सरासरी धरावी, पुढचा अंदाज सांगणारी प्रतिमाने वापरू नयेत, असा नियम. ग्राहकाच्या रक्षणासाठी तो चांगलाच होता. परंतु तापमान वाढले, रान अधिक काळ कोरडे राहू लागले. नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज हे गाव जळाले, ८५ माणसे गेली. वीस वर्षांची सरासरी अशा वणव्याला काय पुरणार?

७/ मे २०२३ मध्ये राज्यातील सर्वांत मोठ्या गृहविमा कंपनीने, स्टेट फार्मने, नव्या पॉलिसी देणे थांबवले. नियम बदलला तो डिसेंबर २०२४ मध्ये.

८/ सामान्य माणसाची खरी कोंडी मुदतीत आहे. गृहकर्ज ३० वर्षांचे, विमा एका वर्षाचा. कंपनी दरवर्षी नव्याने विचार करू शकते. घरमालक करू शकत नाही. विमा नसेल तर बँक कर्ज देत नाही. कर्ज नसेल तर गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणजे नूतनीकरण नाकारणारे पत्र आले, की एकही ठिणगी न पडता घराची किंमत उतरते.

९/ अशांसाठी कॅलिफोर्नियात १९६८ पासून ‘फेअर प्लॅन’ आहे. जानेवारी २०२५ च्या लॉस एंजेलिसमधील वणव्यांनंतर त्याचीही तिजोरी अपुरी पडली आणि खासगी विमा कंपन्यांकडून १ अब्ज डॉलर उभारण्याची परवानगी द्यावी लागली. त्यातील काही भाग कंपन्यांना आपल्या ग्राहकांकडून वसूल करता येतो. त्या ग्राहकांत राज्याच्या दुसऱ्या टोकाला राहणारेही आले, ज्यांनी तो धूर कधी पाहिला नाही.