पंचरंगी सामने आणि वर्ध्याचा कौल

मुंबईच्या क्रिकेटविश्वावर एकेकाळी अधिराज्य गाजवणारे पंचरंगी सामने १९४६ मध्ये कायमचे बंद झाले. मात्र या सामन्यांविरुद्धचा सर्वांत वजनदार शब्द त्याआधी सहा वर्षे वर्ध्यात उच्चारला गेला होता. धर्मावरून संघ पाडावेत काय, हा प्रश्न तेव्हा महात्मा गांधींपुढे आला होता.

तिरंगी ते पंचरंगी

युरोपियन आणि पारशी यांच्यातील लढतींतून ही स्पर्धा उदयास आली. १९०७ मध्ये हिंदू संघाच्या प्रवेशाने ती तिरंगी, १९१२ मध्ये मुस्लिम संघामुळे चौरंगी, तर १९३७ मध्ये 'द रेस्ट' म्हणजे शेष संघाच्या समावेशाने पंचरंगी झाली. भारतीय ख्रिश्चनांसह इतर समाजांचे खेळाडू शेष संघातून खेळत.

या स्पर्धेने भारताला थोर खेळाडू दिले. नागपूरचे सी. के. नायडू यांनी १९१६ मध्ये हिंदू संघातून पदार्पण केले. १९३२ मध्ये ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. दलित समाजातील पळवणकर बाळू हे आपल्या काळातील श्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज होते, तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. तो मान १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाला.

गांधीजींचे मत

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथून विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रहाला प्रारंभ केला. पाठोपाठ पंडित नेहरूंसह अनेक नेत्यांना अटक झाली. अशा वेळी सामने भरवावेत काय, हे विचारण्यासाठी हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ डिसेंबरमध्ये वर्ध्यास आले.

जग युद्धाच्या छायेत असताना अशी करमणूक गांधीजींना उचित वाटली नाही. त्यांचा मूळ आक्षेप मात्र अधिक खोल होता. महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे संघ आपण समजू शकतो; हिंदू, पारशी, मुस्लिम अशी विभागणी खिलाडूवृत्तीला शोभत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यानंतर जिमखान्याने थोड्या मताधिक्याने माघारीचा निर्णय घेतला. त्या वर्षीची स्पर्धा हिंदू संघाविना झाली आणि मुस्लिम संघाने ती जिंकली.

लोकप्रियता आणि अखेर

तथापि, प्रेक्षकांची ओढ कमी झाली नाही. १९४१ मध्ये हिंदू संघ परतला आणि विजेता ठरला. १९४२ मध्ये स्पर्धा झाली नाही. १९४३ च्या अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी हिंदू संघासाठी नाबाद २५० धावा केल्या. त्याला शेष संघाच्या विजय हजारे यांनी दुसऱ्या डावातील ३८७ पैकी एकट्याने ३०९ धावा काढून उत्तर दिले. त्यांचे बंधू विवेक यांच्यासह झालेल्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा अवघा २१ धावांचा होता. एवढे करूनही शेष संघ एक डाव व ६१ धावांनी पराभूत झाला. पुढील वर्षी मुस्लिम संघाने हिंदू संघावर केवळ एक गडी राखून मात केली.

मैदानावरील चुरस अशी रंगत असताना देशातील जातीय तणाव वाढत होता. अखेर १९४५-४६ च्या हंगामानंतर स्पर्धा बंद झाली. १९३४-३५ मध्ये सुरू झालेली, प्रदेशांच्या संघांची रणजी करंडक स्पर्धा देशातील प्रमुख स्पर्धा म्हणून स्थिरावली. वर्धा जिल्हा ज्या विदर्भात येतो, त्याच्या संघाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये हा करंडक पटकावला. खेळाडूचा धर्म न पाहता उभा राहणारा संघ ही गांधीजींची अपेक्षा या स्पर्धेच्या रचनेत उतरली आहे.