दारिद्र्याची परीक्षा

मदतीस पात्र कोण, हें ठरविण्याच्या दोन रीती आमच्या इतिहासांत दिसतात. एक, घरोघर फिरून यादी करावयाची. दुसरी, कष्टाचें काम उघडून जो येईल तो गरजू समजावयाचा. 1998 सालीं धुळ्यापासून निराळा झालेला नंदुरबार जिल्हा या दोहोंचा अनुभव घेऊन बसला आहे.

इंग्रजी अमदानींत हा मुलूख खानदेशांत मोडे. 1876-78 च्या दुष्काळांत सरकारास धास्ती होती ती उपाशी माणूस सुटण्याची नव्हे, तर पोट भरलेला आंत शिरण्याची! म्हणून सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामांवरील मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर किरकोळ नाणें इतकी उतरविली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यास विरोध केला. 1880 च्या दुष्काळ कमिशननें श्रमाची कसोटी कायम ठेवली. मात्र अपंगांस घरीं मदत पोंचवावी, असेंही सुचविलें.

1972 च्या अवर्षणांत वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेनें हीच कसोटी उचलली, पण तिचा अर्थ पालटला. 1977 च्या कायद्यानें काम मागणें हा हक्क ठरला. पगारांतून कापला जाणारा व्यवसाय कर 1975 सालीं याच योजनेसाठीं बसला, हें आमच्या पगारदार वाचकांच्या सहसा लक्षांत नसतें.

पुढें यादीचें युग आलें. 2002 च्या दारिद्र्यरेषेच्या गणनेंत 13 बाबी, प्रत्येकीस शून्य ते चार गुण. गुण जितके कमी तितकें कुटुंब गरीब. माणशीं कपडे किती, हेंही मोजलें. कोरडवाहू जमीन मोजली. परंतु ती अक्राणीच्या उभ्या चढणीवर आहे कीं तापीकांठच्या काळ्या मातींत, यास रकाना नव्हता. मोलमजुरीसाठीं गांव सोडणाऱ्यास शून्य, न सोडणाऱ्यास तीन, हा हिशेब वाजवी म्हणावा. पण ऊसतोडीस गुजराथेंत गेलेल्या कुटुंबाच्या बंद दारास गुण कोण देणार? याहून विचित्र गोष्ट अशी कीं, एकंदर किती कुटुंबें गरीब निघावयाचीं, त्याची मर्यादा योजना आयोगाच्या 1999-2000 च्या अंदाजावरून आधींच बांधलेली होती. मग परीक्षा कसली? ती वांटणीच झाली.

2006 सालीं केंद्राचा रोजगार हमी कायदा प्रथम 200 जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत नंदुरबार होता. त्या कामास दारिद्र्याचा दाखला लागत नसे. आम्हांस ही रीत अधिक प्रामाणिक वाटते. मात्र कुदळ न उचलवणाऱ्या म्हातारीस तिचा उपयोग नाहीं. तिच्यासाठीं पुन्हा यादीच करावी लागते, आणि ती करणाऱ्यास सातपुड्यांतील तिच्या पाड्यापर्यंत पायीं चढून जावें लागतें.