नाचोचं स्पेशल

स्पॅनिशमध्ये इग्नासिओ नावाच्या माणसाला घरीदारी 'नाचो' म्हणतात. आपल्याकडे दत्तात्रयाचा दत्तू होतो, तसंच. मूळ लॅटिन नाव इग्नेशियस. गोव्यात त्याचा 'इनास' झाला. तेव्हा नाचोज या पदार्थाचा नाचण्याशी काही संबंध नाही, मेक्सिकोतल्या कुठल्या पुराणकाळाशीही नाही. ते एका माणसाचं लाडाचं नाव आहे. हा माणूस पणजीत जन्मला असता, तर आज मध्यंतरात आपण 'एक इनास, एक्स्ट्रा चीज' म्हणालो असतो.

हा माणूस म्हणजे इग्नासिओ अनाया, जन्म 1895चा. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात पिएद्रास नेग्रास नावाचं सरहद्दीवरचं गाव आहे. नावाचा अर्थ काळे दगड, म्हणजे कोळसा. गावाला लागून नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे टेक्ससमधलं ईगल पास. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. तेव्हा लोक पूल ओलांडून इकडे येत, गुजरातेतून दमणला जातात तसे. बंदी उठली तरी सवय राहिली. दुसऱ्या महायुद्धात ईगल पासजवळ अमेरिकन लष्कराचा हवाई तळ आला, आणि अनाया गावातल्या ज्या व्हिक्टरी क्लबात कामाला होते तिथे पलीकडची गिऱ्हाइकं आणखी वाढली.

पुढची गोष्ट बहुतेक जण 1943ची सांगतात; 1940 म्हणणारेही आहेत. अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांच्या काही बायका क्लबात येऊन बसल्या. पेयं आली, सोबत काहीतरी खायला हवं होतं, आणि आचारी जागेवर नव्हता. अनाया स्वयंपाकी नव्हेत. आल्यागेल्याला बसवणं, हवं-नको बघणं हे त्यांचं काम. पण हे काम करणाऱ्या माणसाला 'आज काही नाही' म्हणणं जिवावर येतं. ते स्वतःच स्वयंपाकघरात शिरले.

हाताला लागलं ते असं: मक्याच्या टॉर्टिया, चेडर चीज आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या हालापेन्यो मिरच्या. टॉर्टियांचे त्रिकोणी तुकडे तळले. प्रत्येक तुकड्यावर किसलेलं चीज ठेवलं, ते विरघळेपर्यंत आच दिली आणि वर मिरचीची एकेक चकती. एका तुकड्याला एक चकती, हे लक्षात ठेवा. ढीग नव्हता. ताटलीत मांडलेले सुटे त्रिकोण होते, आणि प्रत्येक त्रिकोण म्हणजे एक पुरता घास.

यातला चेडर पुलापलीकडच्या चवीचा, पण टॉर्टिया अस्सल इकडची, आणि तिच्यापाशी जरा थांबायला हवं. मक्याची भाकरी ज्यांनी थापली आहे त्यांना ठाऊक असतं, की पीठ गरम पाण्यात मळलं तरी कडा चिरतात. मेक्सिकोतल्या बायकांनी यावर काही हजार वर्षांपूर्वी तोड काढली. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा आणि रात्रभर त्यातच ठेवायचा. सकाळी सालं सुटलेली असतात. ती चोळून धुवायची आणि ओला मका दगडावर वाटायचा. तो दगड म्हणजे मेताते: आपल्या पाट्याचा भाऊ, फक्त तीन पायांचा आणि उतरता. वाटून जो गोळा होतो त्याला 'मासा' म्हणतात (शाकाहाऱ्यांनी दचकू नये), आणि तो न चिरता पातळ थापला जातो. पानाला लावतो तोच हा चुना. त्याने मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं, हा खरा फायदा. युरोपाने मका उचलला, चुन्याची रीत मात्र उचलली नाही. मग उत्तर इटलीत नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा आजार जडला. रेसिपी अर्धीच नेली की असं होतं.

असो. बायका खूश झाल्या, याचं नाव काय म्हणून विचारलं, आणि अनायांनी सांगितलं: नाचोज एस्पेशाल. नाचोचं स्पेशल. इथून पुढे व्याकरणाची गंमत आहे. इंग्रजीत षष्ठीचा 'स' नावाला अपॉस्ट्रॉफीने जोडतात. मेनूकार्डावर ते चिन्ह गळालं आणि षष्ठीचं अनेकवचन झालं. 'नाचोचं' होतं, त्याचे 'अनेक नाचो' झाले. मग उलट वाटेने एकवचन निघालं, आणि तळलेल्या एका तुकड्याला लोक 'नाचो' म्हणू लागले. माणूस आधी मालक होता, मग जमाव झाला, शेवटी तुकडा. 1949 मध्ये अमेरिकेत 'अ टेस्ट ऑफ टेक्सस' या पाककृतींच्या पुस्तकात हा पदार्थ छापून आला, तेव्हा तो पूल ओलांडून चांगलाच स्थिरावला होता.

अनायांनी पुढे गावातच स्वतःच्या नावाचं रेस्टॉरंट काढलं. पदार्थावर हक्क सांगता येईल का, हे त्यांच्या मुलाने सॅन अँटोनिओतल्या वकिलाला विचारून पाहिलं. उत्तर आलं, फार उशीर झाला. आता हा सगळ्यांचा झालाय. अनाया 1975 मध्ये गेले.

त्याच्या पुढच्याच वर्षी सॅन अँटोनिओच्या फ्रँक लिबर्टो यांनी आर्लिंग्टन स्टेडियममध्ये बेसबॉलच्या प्रेक्षकांना नाचोज विकायला घेतले. अडचण वेळेची होती. रांगेतल्या माणसाला चीज विरघळेपर्यंत थांबवता येत नाही. लिबर्टोंनी पंपातून ओतता येईल असा, थंड न ठेवताही टिकणारा पातळ चीज सॉस आणला. तुकडे डब्यात, वर सॉसची धार, मिरच्या मूठभर. दिला डबा हातात. पहिल्याच हंगामात दर अडीच प्रेक्षकांमागे एक डबा खपला. तिखटाने तहान लागते, म्हणून पेयंही जास्त खपली, हा वरचा नफा. 1978 मध्ये समालोचक हॉवर्ड कोसेल यांना अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात 'नाचोज' या शब्दाचा नाद लागला, आणि टीव्हीवरून तो अमेरिकेत घरोघरी गेला.

म्हणजे पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्सात आपण खातो ते लिबर्टोंचं. नाव तेवढं अनायांचं. मला तो डबा आवडत नाही असं नाही, पण वरचे चार तुकडे सॉसने लदबदलेले आणि तळातले ठणठणीत कोरडे, हे आता पाठ झालंय. मध्यंतर संपतं तेव्हा बोटं पिवळी असतात आणि डब्यात कोरडा चुरा.

टेक्ससमधल्या मेक्सिकन रेस्टॉरंटांत मात्र जुनी मांडणी अजून मिळते. बसल्या बसल्या चिप्स आणि साल्सा येतो, तो बहुधा फुकट. आपल्याकडचं शाकाहारी कुटुंब असेल तर मेनू उघडण्याआधी वेटरला पहिला प्रश्न, बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का? विचारणं बरोबरच आहे, कारण रिफ्राइड बीन्स परंपरेने चरबीतच परततात. अनायांच्या ताटलीत हा प्रश्नच नव्हता: मका, चीज, मिरची. जुन्या पद्धतीचे नाचोज मागितले की त्रिकोण सुटेसुटे मांडून येतात, प्रत्येकावर चीज, प्रत्येकावर हालापेन्योची एक चकती. ताटली ज्या बाजूने फिरवाल त्या बाजूने घास सारखाच लागतो, आणि शेवटचा तुकडाही कोरडा नसतो.