पत होती, पण नाव नव्हते : दुसऱ्या कार्डाच्या प्रश्नामागचा इतिहास

१/८
पहिले क्रेडिट कार्ड हाती असते, देयके वेळेवर भरलेली असतात, तरीही दुसऱ्या कार्डाचा अर्ज नामंजूर होतो. कारण दिले जाते : पतइतिहास अपुरा. हा प्रश्न आजच्या तरुण पिढीचा वाटतो. परंतु अर्धशतकापूर्वी अमेरिकेतील असंख्य विवाहित स्त्रिया याच उंबरठ्यावर अडल्या होत्या. त्यांचा इतिहास अपुरा नव्हता. तो दुसऱ्याच्या नावावर लिहिला गेला होता.

२/८
पतीची नव्हे, पतेची ही नोंदवही कुठून आली? १८३७ च्या आर्थिक अरिष्टात न्यूयॉर्कचे रेशीम व्यापारी लुईस टॅपन यांची उधारी बुडाली. १८४१ मध्ये त्यांनी दूरदूरच्या व्यापाऱ्यांच्या पतेची माहिती जमवून विकणारी संस्था काढली. पुढे दुकानांच्या सामान्य ग्राहकांच्याही अशाच नोंदी होऊ लागल्या. उधार देणारा आता ओळखीपेक्षा नोंदीवर विसंबू लागला.

३/८
सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डे टपालाने घरोघरी धाडली. कुणी अर्ज केला नव्हता. थकबाकी आणि लबाडी यांमुळे बँकेला आरंभी मोठा तोटा सोसावा लागला. न मागता कार्डे पाठवण्याच्या प्रथेवर १९७० मध्ये कायद्यानेच बंदी आली. आता कार्डासाठी अर्ज करणे अपरिहार्य झाले.

४/८
येथेच स्त्रियांची कोंडी उघड झाली. ग्राहक वित्तपुरवठ्याविषयीच्या राष्ट्रीय आयोगाने १९७२ मध्ये या विषयावर सुनावण्या घेतल्या. त्यातून दिसले ते असे : अविवाहित स्त्रीला अविवाहित पुरुषापेक्षा कर्ज मिळणे कठीण, विवाह होताच तिला नव्याने अर्ज करावा लागे, तोही बहुधा पतीच्या नावाने, आणि पत्नीचे उत्पन्न अनेकदा हिशेबातच धरले जात नसे.

५/८
याचा परिणाम दूरगामी होता. पत्नीने स्वतःच्या पगारातून वर्षानुवर्षे देयके चुकती केली, तरी नोंद पतीच्या खात्यावर होई. घटस्फोट झाला वा वैधव्य आले, की ती स्वतःच्या नावाने अर्ज करी आणि तिच्या नावावर काहीच सापडत नसे. चाळिशी-पन्नाशीतील कर्ती स्त्री कागदोपत्री नवखी ठरे.

६/८
लिंडी बॉग्ज यांचे पती, खासदार हेल बॉग्ज, ऑक्टोबर १९७२ मध्ये अलास्कात विमानासह बेपत्ता झाले. १९७३ मध्ये त्यांच्या जागी लिंडी निवडून आल्या. समान पतसंधी विधेयक समितीपुढे आले, तेव्हा भेदभावाच्या निषिद्ध कारणांत स्त्री-पुरुषभेद नव्हता. त्यांनी मसुद्यात 'लिंग वा वैवाहिक स्थिती' हे शब्द स्वहस्ते लिहिले, प्रती काढून सभासदांना वाटल्या आणि हे अनवधानाने राहून गेले असावे, असे सौम्यपणे सुचवले. समितीने दुरुस्ती स्वीकारली.

७/८
२८ ऑक्टोबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली. १९७६ मध्ये वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ, वय आदी कारणांची त्यात भर पडली. मात्र बंदीने जुनी नोंदवही बदलत नव्हती. म्हणून १९७७ पासून आणखी एक नियम अमलात आला : जे खाते पती-पत्नी दोघेही वापरतात, त्याची माहिती पतसंस्थांनी दोघांच्याही नावे कळवावी. इतिहासदृष्ट्या हा रुक्ष नियम कायद्याइतकाच मोलाचा आहे. त्यामुळे पत्नीने आजवर निभावलेला व्यवहार तिच्या नावाने बोलू लागला.

८/८
१९८९ मध्ये फायको गुणांक प्रचारात आला. भारतात २००० मध्ये सिबिलची स्थापना झाली. माणसाच्या जागी आकडा निर्णय सांगू लागला, तरी त्याचा पाया तीच नोंद आहे. भारतात आजही कुटुंबीयांना दिलेल्या ॲड-ऑन कार्डाच्या देण्याची जबाबदारी मूळ कार्डधारकावरच असते. म्हणून दुसऱ्या कार्डाचा अर्ज करण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारावा : पहिल्या कार्डाचा व्यवहार नेमका कुणाच्या नावावर नोंदला जात आहे?