तेरचं संग्रहालय आणि माळ्यावरचं घंगाळ



सासूबाईंना जाऊन वर्ष झालं, तेव्हा मी आणि मोठ्या जाऊबाईंनी मिळून माळा आवरायला काढला. तांब्याचं घंगाळ, दोन पितळी कळश्या, पाणी गाळायचं त्यांचं दुहेरी जाड फडकं, आणि एका ट्रंकेत त्यांच्या हातच्या स्तवनांच्या चार वह्या. जाऊबाई म्हणाल्या, "भांडी मोडीत घालू, वह्या रद्दीत. तोंडाने अपरिग्रह म्हणायचं आणि माळे भरून ठेवायचे, हे बरं नव्हे." बोलणं खोटं नव्हतं, पण माझा हात काही पुढे होईना. "कुंथलगिरीहून आल्यावर बघू," म्हणून मी ट्रंक तशीच ठेवली.

कुंथलगिरीला कुलभूषण-देशभूषण मुनींचं दर्शन घेतलं. आचार्य शांतिसागर महाराजांची १९५५ सालची सल्लेखना तिथलीच, म्हणून त्यांच्या चरणांपाशीही थोडा वेळ बसलो. परतताना तेरला महावीरांच्या मंदिरात जायचं ठरलं होतं. तेर धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. बहुतेकांना ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून माहीत. दर्शन झालं, दशम्या खाऊन झाल्या, सूर्यास्ताला अजून वेळ होता, तेव्हा गावातलं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहायला गेलो.

बायांनो, आज साधं दिसणारं हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी मोठी बाजारपेठ होती. तेव्हाचं नाव तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक माणसाने व्यापाऱ्यांसाठी समुद्री प्रवासाची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' नावाच्या त्या पुस्तकात लिहिलंय की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं शहर आहे, आणि तिथून साधं कापड व तलम मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराला जाते. हे तगर नेमकं कुठलं, यावर पुष्कळ वाद झाले. फ्लीट नावाच्या अभ्यासकाने १९०१ साली ते म्हणजे आपलं तेर, असं मांडलं. पुढे १९५८ साली चापेकरांनी इथे उत्खनन केलं. कोल्हापूरचे शिलाहार राजे, ज्यांनी आपल्या बसदींना दानं दिली, तेही स्वतःला तगरपुराचे अधीश्वर म्हणवून घेत. गाव सुटलं तरी नावाचा अभिमान सुटला नाही!

आत गेल्यावर मला वाटलं होतं, राजांच्या तलवारी असतील. निघालं आपलंच सामान. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या, दिवे, मडकी. एका बाहुलीची केशरचना पाहून जाऊबाई म्हणाल्या, "एवढा अंबाडा घालायला सकाळ जात असेल हिची!" आम्ही दोघी हसलो. सासूबाई गेल्यानंतर आम्ही बहुधा पहिल्यांदाच अशा हसलो.

मग हस्तिदंती बाई पाहिली. अंगभर दागिने आणि इतकं बारीक काम की बघत राहावं. अशाच घडणीची एक मूर्ती १९३८ साली इटलीत, पाँपेई शहराच्या अवशेषांत सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. म्हणजे त्याआधीच आपल्याकडची हस्तिदंती बाई समुद्रापार पोचली होती. अभिमान वाटलाच. पण लगेच मनात टोचलंही. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा धंद्यांत दंतवाणिज्य, म्हणजे हस्तिदंताचा व्यापार, येतो. लहानपणी पाठशाळेत ती यादी पाठ केली तेव्हा वाटायचं, हस्तिदंत विकणारं असतं तरी कोण? त्या काचेपुढे कळलं. ज्या पेठांमध्ये आपले पूर्वज कापड-धान्य विकत, तिथेच शेजारच्या दुकानात हस्तिदंतही असणार, आणि त्यात नफाही बक्कळ असणार. नियम उगाच केलेला नव्हता. समोर मोह होता, म्हणून नियम होता.

आणि याच तेरची हत्तीची दुसरी गोष्ट आपल्या ग्रंथात आहे. अकराव्या शतकाच्या सुमारास कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' लिहिलं. आपल्या कारंजाहून डॉ. हीरालाल जैन यांनी १९३४ साली ते छापून प्रसिद्ध केलं. करकंडू म्हणजे चंपानगरीची राणी पद्मावती हिचा मुलगा. गरोदरपणी डोहाळे लागले म्हणून ती राजाबरोबर हत्तीवर बसली, हत्ती उधळला, आणि बिचारीचं बाळंतपण स्मशानात झालं. पुढे बाप-लेक ओळख नसल्याने एकमेकांशी लढायला उभे राहिले, तेव्हा मध्ये येऊन लढाई थांबवली ती तिनेच. हा करकंडू दक्षिणेत तेरापूरला आला. तिथे डोंगरावर एक हत्ती रोज सोंडेतून पाणी आणि कमळ आणून एका वारुळाची पूजा करी. राजाने ते वारूळ खणवलं, तर आत पार्श्वनाथांची मूर्ती! धाराशिवची लेणी पाहिलीत तर तिथे पार्श्वनाथ आजही दिसतात. ही लेणी मूळची बौद्ध आणि नंतर जैन झाली, असं काही अभ्यासक म्हणतात. ते असो. मला एवढंच जाणवलं, की एकाच गावच्या आठवणीत दोन हत्ती आहेत. एकाचा दात काचेत आहे आणि दुसरा भक्त होऊन ग्रंथात आहे. आपल्या मुनींनी कुठला जपला, ते आपल्यासमोर आहे.

संग्रहालय ज्यांच्या नावाचं, ते लामतुरे याच गावचे. तेरच्या पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की जुन्या वस्तू उघड्या पडत. लोक त्या तुडवून जात, हे मात्र उचलून ठेवत. अशा हजारो वस्तू जमल्या, आणि शेवटी हा सगळा ठेवा शासनाकडे, म्हणजे तुमच्या-आमच्याकडे आला.

बाहेर पायरीवर बसून मी जाऊबाईंना विचारलं, "जाऊबाई, एवढं जमवलं, हा परिग्रह म्हणायचा का हो?" त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तत्त्वार्थसूत्रात आसक्तीला परिग्रह म्हटलंय, वस्तूला नाही. 'माझं' म्हणून कवटाळलं असतं तर परिग्रह. त्यांच्या हातून ते सुटलं, म्हणून तर आपण बघितलं."

घरी आल्यावर आम्ही पुन्हा ट्रंक उघडली. कळश्या मंदिराच्या भोजनशाळेला दिल्या. घंगाळ धाकट्या नणंदेने हौसेने नेलं. वह्यांचे फोटो काढून घेतले आणि मूळ वह्या मंदिराच्या ग्रंथभांडारात ठेवल्या. कुठलं स्तवन कुणाकडून शिकलं, हे सासूबाईंनी प्रत्येक पानावर लिहिलंय. आमच्या गावच्या कितीतरी बायकांची नावं तेवढ्या चार वह्यांतच उरली आहेत. ती रद्दीत गेली असती, या विचारानेच अंगावर काटा येतो.

पाणी गाळायचं फडकं मात्र कुणाला दिलं नाही. जाऊबाईंनीच ते धुऊन, उन्हात वाळवून माझ्या माठावर बांधलं. ते आता रोज वापरात आहे.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. मोडीत घालायच्या आधी एकदा उघडून तर बघा.